जुन्या स्किझोफ्रेनियात गोळ्या बंद केल्यावर पुढे काय होतं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. भाऊ एकेचाळीस वर्षांचा, सोळा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि शंका येणारा मानसिक आजार. रात्री एक गोळी, रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम एकत्र असलेली. वजन आणि सुस्तीला कंटाळून अडीच महिन्यांपूर्वी त्याने ती एका दिवसात सोडली. पहिला आठवडा झोप नाही, मळमळ, घाम, घरभर येरझाऱ्या. मग ते सगळं थांबलं, उलट तोंडावर तरतरी आली, दुकानावर बसायला लागला, आणि वडील म्हणतात की सुटला बिचारा, आता परत कशाला ते विष घालायचं. पण गेले आठेक दिवस तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. तुम्ही विचारलंय की आता पुढे काय होणार, गोळी लगेच परत चालू करायची का, आणि आयुष्यभर घ्यायचीच असते का.

आधी उत्तर, मग कारणं. या आठवड्यात, म्हणजे पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊन नाही, त्याला सायकियाट्रिस्टकडे न्या. सगळं अजून हातात आहे. पण झोप मोडायला लागलीय हे मला अजिबात आवडलेलं नाही. मी त्याला तपासलेलं नाही त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, तरी इतकी वर्षं हेच पेशंट आणि हीच घरं बघतोय, तर जे माहितीय ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो वेळेमुळे. शुगरची गोळी सोडली की चार दिवसांत रिपोर्ट बोलतो. अँटिसायकोटिक, म्हणजे या आजारावरचं रिस्पेरिडोनसारखं औषध, सोडलं की जे व्हायचं ते एकदम होत नाही, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गोष्टी होतात, आणि त्यातला मधला काळ इतका चांगला जातो की घरातले सगळे त्याच्यावर भरवसा ठेवून बसतात. तुमचा भाऊ त्या मधल्या काळाच्या शेवटाला असावा असं मला वाटतं.

पहिला टप्पा म्हणजे पहिले काही दिवस ते दोन-चार आठवडे. यात जे होतं ते बऱ्याचदा आजार नसतोच, औषध अचानक काढून घेतल्याचा धक्का असतो. झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो, पाय एका जागी राहत नाहीत, चिडचिड होते. तुमच्या भावाच्या गोळीत दोन औषधं होती आणि दोन्ही एकाच रात्री बंद झाली हे लक्षात घ्या. ट्रायहेक्सिफेनिडिल हे हात थरथरू नयेत, अंग कडक होऊ नये म्हणून दिलेलं असतं, ते वर्षानुवर्षं घेऊन एकदम सोडलं की त्याचाही वेगळा त्रास होतो, मळमळ आणि घाम बहुतेक त्यातलाच. आपल्याकडे ही एकत्र गोळी सर्रास दिली जाते, सोयीची असते, पण त्यामुळं एक कमी करायचं आणि दुसरं ठेवायचं म्हटलं तर करताच येत नाही. डोस कमी करायचा विचार असेल तर पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना सांगून दोन्ही औषधं सुटी करून घेणं.

याच टप्प्यात आणखी एक गोष्ट दिसू शकते आणि ती बघून घरचे हादरतात. एक आई तिच्या मुलाला घेऊन आली होती, तक्रार एवढीच की हा सारखं काहीतरी चघळतोय. तोंडात काहीच नव्हतं. ओठ पुढे यायचे, जीभ आतल्या आत गालावर फिरायची, जबडा हलायचा, आणि नाव घेऊन हाक मारली की क्षणभर थांबायचं आणि परत सुरू. आई म्हणाली, तंबाखूची सवय लागली वाटतं. ती सवय नव्हती. बरीच वर्षं औषध घेतलेल्या काही लोकांत अशा हालचाली आतून तयार होत असतात आणि औषधच त्यांना झाकून ठेवत असतं, औषध एकदम काढलं की त्या उघड्या पडतात. काहींच्या काही आठवड्यांत कमी होतात, काहींच्या राहतात. तुमच्या भावाच्या बाबतीत हे आत्ताच बघून घ्या. त्याला समोर बसवून पाच मिनिटं गप्पा मारा आणि तोंडाकडे, बोटांकडे, पायांच्या पंजांकडे लक्ष ठेवा. काही दिसलं तर मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा, मात्र त्याला सांगून काढा, चोरून नको, कारण आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय ही शंका या आजारात आधीच भरपूर असते.

मग येतो दुसरा टप्पा, चांगल्या दिवसांचा. आणि हे चांगले दिवस खोटे नसतात बरं का. रिस्पेरिडोनने जो जडपणा येतो, सकाळी उठवत नाही, चेहरा लाकडासारखा होतो, काही पुरुषांत लैंगिक इच्छा जाते, बायकांची पाळी थांबते, ते सगळं मागे हटतं. माणूस परत हसतो, भूक ताब्यात येते. सोळा वर्षांनी असं हलकं वाटल्यावर तो परत गोळीला हात लावायला का तयार होत नाही हे समजायला फार अवघड नाही. वडिलांचंही मला पटतं, त्यांनी पोरगा परत मिळाल्याचं बघितलंय. फक्त एवढंच की औषधाचे त्रास आठवड्यांत जातात आणि आजार परत यायला कित्येकदा महिने लागतात. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत माणूस पूर्ण बरा झाल्यासारखा दिसतो. काहींना दोन-तीन महिन्यांत रिलॅप्स येतो, म्हणजे आजार उलटतो, काहींना आठ-दहा महिन्यांनी, एखाद्याला दोन वर्षांनीही. म्हणून दोन-अडीच महिने चांगले गेले यावरून औषधाची गरज नव्हती असं काही सिद्ध होत नाही.

आकडे सांगतो, कारण नेटवर दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचे आकडे फेकतात. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लॉयख्त आणि सहकाऱ्यांनी ६५ ट्रायल्स, म्हणजे पेशंटवर केलेल्या औषध-चाचण्या, एकत्र करून हिशोब मांडला, साडेसहा हजारांच्या आसपास पेशंट. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांना रिलॅप्स आला, औषध काढून नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिलेल्यांत ६४ टक्क्यांना. परत ॲडमिट व्हायची वेळ १० टक्क्यांवर आली, आणि दुसरीकडे २६ टक्क्यांवर. आता हे नीट वाचा. गोळी घेऊनसुद्धा चारातल्या एकाला त्रास झाला, म्हणजे गोळी म्हणजे कवच वगैरे नाही. आणि गोळी बंद करूनही तिघांतला एक जण त्या वर्षात ठीक राहिला. गोळ्या बंद करून बरे झालेले जे लोक तुम्हाला कोणी दाखवतं ते याच तिघांतले एक असतात, ते खोटं बोलत नसतात. अडचण अशी की तो एक जण कोण हे आधी ओळखायची टेस्ट आज कोणाकडेच नाही, ना रक्ताची, ना स्कॅनची. सोळा वर्षांचा आजार असलेल्या माणसावर हा डाव लावायचा म्हणजे पणाला त्याचं दुकान, त्याची नाती आणि कधीकधी त्याचा जीव असतो.

यावर लोक म्हणतात की त्या ट्रायल्समध्ये बऱ्याच जणांचं औषध अचानक काढलं होतं म्हणून इतके रिलॅप्स आले, हळूहळू काढलं असतं तर नसते आले. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. औषध वर्षानुवर्षं डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन बसतं त्या जागा, अडवून ठेवतं, मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो, रिसेप्टर जास्त संवेदनशील होतात, आणि अडसर एकदम काढला की साध्या डोपामीननेही गोंधळ उडतो. माँट्रियालचे मानसोपचारतज्ज्ञ शुइनार यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटीच हे मांडलं होतं. पण हळूहळू काढून बघितलं तेव्हा काय झालं तेही बघू. इंग्लंडमध्ये रडार नावाची ट्रायल झाली, निकाल २०२३ मध्ये आला, २५३ लोक, बहुतेक जुने पेशंट. अर्ध्यांचा डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करत नेला, बाकीच्यांचा चालू ठेवला. दोन वर्षांनी गंभीर रिलॅप्स डोस कमी केलेल्यांत २५ टक्के, चालू ठेवलेल्यांत १३ टक्के. आणि ज्या आशेने हे केलं होतं, की लोकांचं रोजचं जगणं, कामधंदा, मिसळणं सुधारेल, ते त्या दोन वर्षांत सुधारलेलं दिसलं नाही. ही ट्रायल करणारे लोक औषधांचे आंधळे समर्थक नव्हते, उलट औषधांवर सर्वात जास्त प्रश्न विचारणाऱ्यांपैकी होते, म्हणून मला हा निकाल जास्त वजनाचा वाटतो.

दुसरा अभ्यास हमखास पुढे केला जातो तो नेदरलँड्सचा, वुंडरिंक यांचा, २०१३ चा. त्यात डोस कमी किंवा बंद केलेल्या गटात सात वर्षांनी बरे झालेले ४० टक्के निघाले आणि चालू ठेवलेल्या गटात १८ च्या आसपास. महत्त्वाचा अभ्यास आहे. पण ते सगळे पहिल्यांदाच आजारी पडलेले आणि सहा महिने ठीक राहिलेले तरुण होते, सोळा वर्षांच्या आजाराला तो आकडा चिकटवता येत नाही. तसंच भारतात स्किझोफ्रेनिया आपोआप बरा होतो असंही वाचायला मिळतं, त्याचं मूळ डब्ल्यूएचओच्या १९६० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात आहे, आग्रा त्यातलं एक केंद्र होतं आणि तिथल्या पेशंटची वाटचाल श्रीमंत देशांपेक्षा बरी दिसली होती. त्याचा अर्थ घरात राहणं, कामाला लावणं, माणसं आजूबाजूला असणं याचा फायदा होतो असा घ्या हवं तर. गोळ्या सोडा असा तो निघत नाही.

आणि गोळ्या खाऊन माणूस लवकर मरतो हे जे बोललं जातं, त्यावर फिनलंडचा मोठा अभ्यास आहे, ६२ हजार पेशंट, वीस वर्षांपर्यंत. औषध न घेणाऱ्यांत मृत्यू ४६ टक्क्यांवर गेले, कुठलंही अँटिसायकोटिक घेणाऱ्यांत २६ च्या जवळपास, त्यातलंच एक क्लोझापीन घेणाऱ्यांत १६ च्या जवळपास. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, गोळ्या घेणारे लोक एरवीही स्वतःची जास्त काळजी घेत असतील, त्यामुळं सगळं श्रेय औषधाला देता येत नाही. पण औषधच मारतं हे तरी त्यातून दिसत नाही.

आता तिसरा टप्पा, आजार परतायचा. तो आवाज करत येत नाही. झोपेपासून सुरू होतो, म्हणूनच तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. आधी झोप उशिरा, मग तुटक, मग पहाटे उठून बसणं. मग आंघोळ, दाढी टळते. मोबाईल उलटा ठेवणं, टीव्हीचा आवाज बंद करायला लावणं, कोणी हसलं की माझ्यावर हसलात का विचारणं. जेवणात बदल होतो आणि तो घरच्या बायकांना सगळ्यात आधी कळतो. एका पेशंटच्या वहिनीने मला सांगितलं होतं की भाऊजी हल्ली केळी, उकडलेली अंडी आणि शेंगा एवढंच खातात, उपास वगैरे काही नाही. म्हटलं, सालीतलं आणि टरफलातलंच खातोय ना? तर हो. बाकीच्या ताटात कोणीतरी काहीतरी कालवतंय असं त्याला वाटायला लागलं होतं आणि जे बंद आहे तेवढंच सुरक्षित. घरात भांडण नाही, आरडाओरडा नाही, बाहेरून बघणाऱ्याला माणूस शांत. गोळ्या सोडून त्याला पाच महिने झाले होते. त्या दिवशी पकडलं म्हणून ॲडमिट करायची वेळ आली नाही.

हे यासाठी सांगतोय की प्रत्येक माणसाची परतीची खूण बहुतेक वेळा तीच असते. मागच्या वेळी तुमच्या भावाचं कशापासून सुरू झालं होतं ते आईला विचारा, तिला आठवत असेल. झोप होती का, शेजाऱ्याबद्दलची शंका होती का, देवघरात तासन्‌तास बसणं होतं का. तेच परत दिसतंय का ते बघा.

रिलॅप्सला इतकं का घाबरायचं, परत गोळी दिली की परत बरा होईल ना, असं पुष्कळ जण विचारतात. बहुतेक होतात. पण काही जणांत आधी ज्या डोसला आजार आवरला होता त्याच डोसला नंतर आवरत नाही, जास्त वेळ लागतो, आणि काही जण पूर्वीच्या पातळीला परत येतच नाहीत. दुकान सांभाळणारा माणूस दुकानात नुसता बसणारा होतो. शिवाय त्या काळात झालेलं नुकसान, गिऱ्हाइकाला मारलेला फटका, सहीने विकलेलं काहीतरी, विहिरीकडे धाव, हे गोळीने भरून येत नाही.

मग परत गोळी चालू करायची का? माझं मत हो, पण जुनी स्ट्रिप काढून आज रात्री पूर्ण ४ ची गोळी देऊ नका. अडीच महिन्यांनी शरीर त्या डोसला नवखं झालेलं असतं, एकदम पूर्ण डोस दिला की उठताना चक्कर येऊन पडणं, अंग कडक होणं असं होऊ शकतं आणि मग तो गोळीला कायमचा नाही म्हणेल. डॉक्टर कमी डोसपासून चढवतील. कोणाच्या घरी क्लोझापीन चालू असेल तर त्यांनी हे जास्त नीट वाचावं, ते औषध सलग दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तर परत १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी लागते, आणि ते अचानक बंद केल्यावर आजार बाकी औषधांपेक्षा लवकर आणि जोरात उलटतो.

महत्त्वाचं म्हणजे तीच गोळी, तोच डोस परत घ्यायला पाहिजे असं कुठं आहे? तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षं डोस बदललाच नाही, ओपीडीत दोन मिनिटांत चालू ठेवा म्हणून कागदावर लिहून द्यायचे. याचा मला राग येतो. त्या माणसाने वजन सांगितलं असेल, झोप सांगितली असेल, कोणी ऐकलं नाही, म्हणून त्याने स्वतःच निकाल लावला. गोळ्या सोडणारे बहुतेक लोक असेच सोडतात, त्यात हट्टीपणा कमी आणि न ऐकलेली तक्रार जास्त असते. पर्याय आहेत. वजन आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनचा त्रास (वर सांगितलेलं इच्छा जाणं, पाळी थांबणं) कमी असलेली औषधं आहेत, ॲरिपिप्राझोल त्यातलं एक, सगळ्यांना चालतं असं नाही पण विचारायला हरकत नाही. वजनासाठी मेटफॉर्मिनही वापरतात. आणि डोस कमी करता येतो. इथे एक गणित समजून घ्या. रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅमला साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडतात आणि ४ ला सत्तरीच्या थोडं वर. म्हणजे ४ वरून २ वर आलात तर मेंदूत फार मोठा फरक पडत नाही, खरी उडी २ च्या खाली आहे. म्हणून खालच्या डोसला पावलं लहान आणि मधलं अंतर मोठं ठेवावं लागतं, महिन्याला अर्धी गोळी या हिशोबाने शेवटपर्यंत जाता येत नाही. आजार स्थिर असताना, घरात लग्नकार्य किंवा परीक्षा नसताना, झोपेवर लक्ष ठेवणारं कोणीतरी असताना हे करावं. आजच्या घडीला, झोप मोडलेली असताना, नाही.

तिसरा प्रश्न, आयुष्यभर का. जुन्या, परत परत उलटलेल्या आजारात बहुतेकांना औषध दीर्घकाळ लागतं, हे मी गोड करून सांगणार नाही. पण बऱ्याच जणांचं पुढे सर्वात कमी डोसवर चांगलं चालतं आणि तो डोस शोधणं हे डॉक्टरचं काम आहे. रोजची गोळी नको वाटत असेल तर महिन्याने घ्यायचं इंजेक्शनही असतं. ते बंद केलं तर औषध शरीरात आठवडे, महिने रेंगाळतं, त्यामुळं वर सांगितलेला मधला चांगला काळ आणखी लांबतो आणि आणखी फसवतो, हेही माहीत असू द्या.

एक गोष्ट मात्र करू नका. चहात, भाजीत गोळी चुरून देणं. किती घरांत हे चालतं मला माहीतय आणि आई कुठल्या हतबलतेने ते करते तेही कळतं. पण ज्या माणसाला जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय असं वाटतंय, त्याच्या जेवणात आपण खरंच काहीतरी घातलं आणि त्याला ते कळलं, तर मग त्याची शंका खरीच ठरली ना! त्यानंतर तो घरचं खाणं सोडतो आणि तुमच्यावरचा विश्वास परत येत नाही. त्यापेक्षा तुम्ही बहीण आहात, तुमचं तो ऐकतो असं लिहिलंय, तर गोळी घे असं म्हणूच नका. गोळीने तुला काय काय त्रास झाला ते सांग, मी डॉक्टरांसमोर तुझ्या बाजूने बोलते, असं म्हणा. आणि खरंच बोला. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की वजन आणि सुस्तीमुळे त्याने सोडलीय, तीच गोळी दिली तर परत सोडेल.

वडिलांशी वाद घालू नका, त्यांना बरोबर न्या. त्यांनी जो फरक बघितला तो खरा होता हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ते बाकीचंही ऐकतील.

जाताना जुनी स्ट्रिप, गोळी बंद केल्याची अंदाजे तारीख आणि गेल्या दहा दिवसांत तो कधी झोपला कधी उठला ते एका कागदावर लिहून न्या. वजन, कंबर, शुगर, लिपिड आणि प्रोलॅक्टिन करून घ्या, सोळा वर्षांत केलं नसेल तर नक्कीच. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडी असते, तिथे औषध मोफत मिळतं, आणि तिथला साठा संपला तर जन औषधीत स्वस्तात मिळतं, साठा नाही म्हणून औषध तुटू देऊ नका. तोपर्यंत रात्री कधीही १४४१६ वर फोन करता येतो, टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

आणि खालचं काही दिसलं तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. मरणाच्या गोष्टी बोलणं, कोणीतरी आतून हुकूम देतंय असं म्हणणं, दोन दिवस अन्नपाणी न घेणं, एका जागी ताठ होऊन बोलणंच बंद होणं. परत औषध चालू केल्यावर ताप आणि अंग कडक झालं तर पुढची गोळी न देता सरळ कॅज्युअल्टीला न्या आणि कुठलं औषध चालू आहे ते तिथे पहिल्यांदा सांगा.